मुंगीचं मनोगत आणि माझं

जादूनगरीच्या कादंबऱ्यांत उडायला परवानगी असते, अदृश्य व्हायला असते, दुसऱ्याचा बेडूक केला तरी किरकोळ दंडावर भागतं; पण परक्याच्या मनात डोकावलात की थेट तळघर. सगळे समजतात, ही बंदी ज्याचं मन वाचलं जातं त्या बिचाऱ्यासाठी आहे. माझं म्हणणं उलट आहे. ती वाचणाऱ्याच्या भल्यासाठी आहे, आणि माझ्यासारख्याच्या तर फारच. भिलाईच्या सिव्हिक सेंटरमधून मी चालत निघालो की समोरून येणाऱ्या निम्म्यांच्या मनात माझ्या व्यासंगाबद्दल आदर असतो आणि उरलेल्यांच्या मनात मत्सर, अशी माझी पक्की समजूत आहे. ती पडताळायची सोय झाली तर दहा पावलांतच कळेल, की त्या मनांत घराचा हप्ता आहे, मुलीचं कोचिंग आहे, गॅसवर राहिलेलं दूध आहे. मी कुठेच नाही. अख्ख्या भिलाईत आपलं नावसुद्धा निघत नाही, हे ज्ञान कोणाला पचणार?

आपल्या जुन्या मंडळींना हे ठाऊक होतं. पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात दुसऱ्याचं चित्त जाणण्याची सिद्धी सांगितली आणि त्याच पादात अशा सिद्धी समाधीच्या आड येतात, असंही बजावलं. दुकान मांडायचं आणि वर ‘हात लावू नये’ अशी पाटी! ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तर योग्याला मुंगीचंही मनोगत ओळखता येतं. इथे आलो की माझी गाडी हटकून अडते. मुंगीच का? कुंडलिनी जागवायची, आयुष्य पणाला लावायचं, आणि शेवटी ऐकू काय यायचं, तर ‘साखर, साखर, डावीकडे, साखर’? त्यातही मुंग्या पुढचीने सोडलेल्या वासाच्या मागावर चालतात, म्हणजे मनोगतही बहुधा पुढचीचंच. शंभर मुंग्यांची रांग असेल तर योग्याने एकच मजकूर शंभरदा ऐकायचा. आणि मधल्या एखादीच्या मनात आलं, ‘पण आपण नक्की कुठे चाललोय?’, तर त्याने काय करायचं, तिला मोक्षमार्ग दाखवायचा की साखरेचा डबा? बराच खल केल्यावर मला वाटतं, मुंगीची निवड ही ज्ञानदेवांची करुणा आहे. मुंगीच्या मनात आपल्याबद्दल काही नसणार, हे योग्याला आधीच माहीत असतं. अपेक्षाभंगाचा प्रश्नच नाही. मुंगीच्या जागी शेजारी असता, तर पहिल्या आठवड्यातच समाधी मोडून भांडण जुंपलं असतं.

यावर कोणी म्हणेल, थट्टा पुरे, गुन्हेगार तरी सापडतील की! तोही प्रयोग झाला आहे. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या चाचणीचा पुरावा ग्राह्य धरला होता. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला: नार्को, पॉलीग्राफ, ब्रेन मॅपिंग यांतलं काहीही माणसाच्या संमतीविना करता येणार नाही. म्हणजे जादूनगरीतली बंदी आपल्याकडे घटनेच्या कलम 20(3) आणि 21 मधून निघाली. आणि आमच्या छत्तीसगढला तर मन वाचण्याची सवय किती महागात पडते, हे कोणी शिकवायला नको. गावातल्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवून बैगा, म्हणजे गावचा मांत्रिक, सांगतो, ‘हिच्या मनात वाईट आहे, ही टोनही’, म्हणजे चेटकीण. मूल तापलं, बैल मेला, की त्या मनाची झडती. 2005 साली टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. कोणाला टोनही ठरवलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद. इथे माझं हसणं थांबतं. त्या बाईच्या मनात काय होतं, हे तिलाच विचारावं, एवढं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. आणि ‘तुझ्या मनात काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे’ हे वाक्य आम्ही शिकलेले लोकही दिवसातून चारदा, विनामूल्य, फेकत असतो.

दुसरा आक्षेप घरगुती आहे: मनं वाचता आली तर नवरा-बायकोतले गैरसमज तरी मिटतील. मला शंका आहे. आमचा भिलाईचा पोलादाचा कारखानाच बघा. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. रशियन तज्ज्ञ आणि आमची माणसं यांच्यामध्ये दुभाषे होते. एकमेकांच्या मनातलं सोडा, तोंडातलंही धड कळत नव्हतं. न कळल्यामुळे विचारावं लागे, पुन्हा विचारावं लागे, बोट ठेवून दाखवावं लागे. पोलाद त्यातूनच निघालं. सगळं आधीच कळतं अशी खात्री असलेल्या दोन माणसांना भट्टी सोडा, साधा स्टोव्हही पेटवता येत नाही. घरातही तेच. कारखान्याची सेकंड शिफ्ट रात्री दहाला सुटते. कामगार घरी पोचतो तेव्हा टेबलावर ताट झाकलेलं असतं, भाजी दुसऱ्यांदा गरम केलेली असते, तरी बायको विचारते, ‘जेवणार ना?’ उत्तर तिला माहीत असतं. सिद्धी आली तर पहिला हाच प्रश्न बंद पडेल. ताट समोर येईल, आवाज येणार नाही. आणि त्या प्रश्नाला ‘त्यात विचारायचं काय?’ असं वसकन उत्तर देणाऱ्या माझ्यासारख्याला 2005 च्या कायद्याखाली धरता येत नाही, ही मला त्या कायद्यातली ढोबळ त्रुटी वाटते.