आली, आली… बघा, आली!

"काय चाललंय सध्या?" या प्रश्नाला चारचौघांसारखा माणूस गुडघा, मुलाची बदली किंवा सोसायटीच्या पाण्याची टाकी यांपैकी काहीतरी उत्तर देतो. हे गृहस्थ म्हणतात, "सध्या मन्सूर." मग डोळे अर्धवट मिटून पुढे, "पंधरा दिवस झाले, शिवमत भैरवच्या पुढे गाडी जात नाही हो." आपण भिडेखातर "अरे वा!" म्हणतो आणि आपली रविवारची सकाळ हातची जाते.

पुण्यात सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत, मुंबईत दादर-पार्ल्याला, शिवाय मिरज, कोल्हापूर, फोंडा अशा गावांत ही मंडळी ठरावीक अंतरावर आढळतात. गाणं ऐकणारे लोक पुष्कळ असतात, हे ऐकवणारे. एकट्यानं ऐकलेलं गाणं यांच्या अंगी लागत नाही. समोर कुणीतरी बसलेलं हवं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते यांना नीट दिसायला हवं. म्हणून तुमची खुर्ची स्पीकरकडे तोंड करून नव्हे, यांच्याकडे तोंड करून मांडलेली असते.

बसलात की आधी खिडक्या बंद होतात. मग पंखा. मे महिना असला तरी पंखा बंदच, कारण तो म्हणे षड्जाच्या जरा खाली घुमतो. काकू सरबत आणून ठेवतात आणि आपल्याकडे ज्या नजरेनं बघतात, तिच्यात "तुम्हीसुद्धा?" एवढंच असतं. आता गाणं सुरू होईल असं आपल्याला वाटतं. होत नाही. "आधी जरा पार्श्वभूमी सांगतो."

पार्श्वभूमीत बैठक कुणाच्या माडीवर झाली, तबल्याला कोण येणार होतं आणि आयत्या वेळी कोण आलं, बुवा त्या दिवशी दुपारी काय जेवले होते, हे सगळं येतं. मग टेपची वंशावळ. मूळ स्पूल एका वकिलांकडे; त्यांच्याकडून कॅसेटवर ती यांच्या मेहुण्यानं घेतली; मेहुण्याची कॅसेट बुरशीनं गेली, पण तोवर यांनी आपली प्रत करून ठेवली होती. "ऐकताना एक खोकला येईल. दचकू नका. आमचे मामा." आणि खरोखरच मध्येच कुणीतरी घसा फाडून खोकतं, तेव्हा हे गृहस्थ गाण्याइतक्याच कौतुकानं मान डोलावतात. मामा जाऊन वीस वर्षं झाली, खोकला अजून सुरात आहे.

या जगात नावं कशी घ्यायची याचेही दंडक आहेत. "पंडित भीमसेन जोशी" असं छापील नाव उच्चारलंत की तुम्ही बाहेरचे हे तत्काळ ठरतं. इथं भीमण्णा. अभिषेकी नुसते बुवा, किशोरीताई नुसत्या ताई. कुमार गंधर्वांना मात्र सरळ "कुमार", आणि तेही एकेरीत. जणू दोघं एकाच बाकावर बसून परीक्षा नापास झाले होते. कुमारांचा विषय निघाला की दुसऱ्या मिनिटाला फुप्फुस येतं. १९४८ साली देवासला मुक्काम, क्षयाचं आजारपण, काही वर्षं गाणं बंद, आणि मग "एका फुप्फुसावर गायला हो हा माणूस!" हे सांगताना यांच्या दोन्ही फुप्फुसांत इतकी हवा भरलेली असते की टेप लावायला अजून दहा मिनिटं जातात.

अखेर गाणं लागतं. आपण सावरून बसतो, विलंबित जरा कुठं मनात उतरू लागतं, तोच एक हात वर येतो. "थांबा. आता येईल." काय येणार ते ठाऊक नसल्यानं आपणही श्वास रोखतो. हात हवेत तसाच. "येतेय… येतेय… आली! आली, बघा, आली!" नेमकी ती जागा या आरोळीखाली गाडली गेलेली असते. मग ते टेप मागे घेतात. पुन्हा हात, पुन्हा आरोळी. तिसऱ्यांदा आपण शहाणे होतो आणि त्यांच्याआधी "क्या बात है!" म्हणून टाकतो. पण ती दाद समेच्या एक मात्रा अलीकडे पडते. ते काही बोलत नाहीत. बशीतली बाकरवडी मात्र आपल्यापासून जराशी लांब सरकवतात.

चेष्टा बाजूला ठेवली तर या लोकांचे उपकार मोठे आहेत. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यातही सुरुवातीच्या काळात गाण्याच्या शेवटी आपलं नाव सांगायची रीत होती. गौहरजान १९०२ सालापासून सांगत आल्या. पुढे एलपी आली तरी एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटंच. तास-तासभर मांडलेला ख्याल, घामाघूम झालेला तबलजी, मध्येच बुवांनी मागितलेलं पाणी, हे सगळं राहिलं ते या मंडळींच्या ट्रंकांत, डांबराच्या गोळ्यांसकट. नव्वद मिनिटांच्या कॅसेटनंही अर्थात दगा दिलाच. पंचेचाळिसाव्या मिनिटाला बाजू संपते, त्यामुळे यांच्या संग्रहातल्या कितीतरी ताना 'ए' बाजूवर निघतात त्या 'बी' बाजूवरसुद्धा समेला पोचत नाहीत. मधला तुकडा हे स्वतः गाऊन दाखवतात. त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

केसरबाई केरकरांचा विषय यांच्यासाठी हळवा. बाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत भारी कडक, त्यामुळे जे आहे ते थोडं. त्यांची एक भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अंतराळात गेली. कुठल्याही गोव्याच्या माणसाला सांगा, बाईंच्या केरी गावाकडे बघून त्याची छाती फुगेल. आमच्या गृहस्थांची तक्रार निराळी. "भैरवी? सुरुवातीलाच? अहो, तिकडच्यांना वाटेल कार्यक्रम संपला, उठून जातील!" वर त्यांचं असंही म्हणणं आहे की नुसती तबकडी पाठवून काय उपयोग, पार्श्वभूमी सांगायला यानात कुणीतरी बसवायला हवं होतं. कोण, ते त्यांनी सुचवलेलं नाही.

सवाई गंधर्व महोत्सवाला ते दरवर्षी जातात आणि बराच वेळ खाण्याच्या स्टॉलपाशी असतात. आत कुणी तरुण गायक जीव तोडून गात असतो. हे बाहेर बटाटेवडा हातात धरून सांगतात, "रमणबागेत पहाटे पाचला थंडीत कुडकुडत ऐकलेला ललत, तो ललत. आता दहाला माइक बंद. दहाच्या आत काय गाणार?" तरुण गायक बरा गात असला तर "बरा आहे", आणि फारच चांगला गात असला तर "माझ्याकडे याच्या गुरूंचं ऐका एकदा".

ही जात नष्ट होईल अशी भीती होती, झाली नाही. नव्या आवृत्तीच्या कानांवर मोटरसायकलच्या हप्त्याएवढे महाग हेडफोन असतात आणि तोंडी फ्लॅक, बिटरेट हे शब्द. मामांच्या खोकल्याऐवजी तो "तानपुऱ्याची जवारी ऐक, डावीकडून" म्हणतो. हात मात्र तसाच वर येतो. जुन्यांनीही व्हॉट्सॲप आत्मसात केलंय. पहाटे साडेपाचला लिंक येते: भैरव, खाली "अवश्य ऐका, शांतपणे." आपण प्रामाणिकपणे रात्री जेवणं झाल्यावर ऐकतो आणि तसं कळवतो. पाच मिनिटांत फोन. "रात्री? भैरव? अहो, झोप तरी कशी लागणार तुम्हाला!" न ऐकलेलं एक वेळ चालतं, अवेळी ऐकलेलं नाही.

खरी मजा दोन ऐकवणारे समोरासमोर येतात तेव्हा. परवा आमच्या गृहस्थांकडे मिरजेचे एक संग्राहक आले होते. पिशवीत कॅसेटी, डोळ्यांत संशय. आधी तह झाला: तुमचा एक मारवा, आमचा एक मारवा, प्रती देवाणघेवाणीनंच, फुकट काही नाही. पहिल्यांदा यजमानांचा मारवा लागला. ते पार्श्वभूमी सांगू लागले. पाहुण्यांनी याच बैठकीची आपली वेगळी पार्श्वभूमी काढली. तबल्याला कोण होतं यावर आवाज चढले. दोन्ही बाजूंनी हात वर गेले, "आली!" दोघांनीही म्हटलं, पण वेगवेगळ्या जागांना, आणि मग खरी जागा कोणती यावर नव्यानं जुंपली. बाजू कधी संपली, खट्ट करून बटण कधी उडालं, दोघांना पत्ता नाही.

काकू आतून पदराला हात पुसत आल्या, कॅसेट उलटी करून लावली आणि म्हणाल्या, "तबल्याला कुणी का असेना, पोहे निवताहेत. आणि तुमचा मारवा मघाशीच संपला. शेवटची दहा मिनिटं दोघं पूरियाला दाद देत होतात."