किल्ली तुमच्या खिशात, गाडी आमच्या पार्किंगमध्ये

आमची ई-बाईक बनवणाऱ्या कंपनीच्या संचालकांस,

'स. न. वि. वि.' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव नाही. त्याची गरजही नाही. ज्यांच्या सोसायटीत तुमची गाडी धूळ खात पडली आहे, ते बरोबर ओळखतील.

गाडी 2017 सालची. मोटर 250 वॉटची, वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत, त्यामुळे ना आरटीओची नोंदणी, ना लायसन्स. केंद्राच्या फेम योजनेतलं अनुदान वजा करून तुम्ही बिल केलंत. म्हणजे तिच्यात करदात्यांचाही पैसा आहे. माझ्या रोजच्या रस्त्याला ती चपखल होती. मुलुंडच्या पाच रस्त्याहून एलबीएस मार्गाला लागायचं, चेक नाका ओलांडायचा, वागळे इस्टेटमध्ये शिरायचं. लोकलने मुलुंड ते ठाणे एकच स्टेशन, पण दोन्हीकडचे जिने आणि ठाण्यातली रिक्षाची रांग धरली तर हीच गाडी मला आधी पोचवायची. गर्दीच्या वेळी एलबीएसवर 25 च्या पुढे काटा कुणाचा जातो?

मग एक दिवस बॅटरी बसली. ठाण्यातल्या तुमच्या सर्व्हिस सेंटरला तोवर टाळं लागलं होतं. फोनवर उत्तर मिळालं, 'मॅडम, ते मॉडेल बंद झालंय, नवीन गाडी घ्या, एक्स्चेंजमध्ये बघू.' बॅटरी मागितली तर नाही. चार्जर मागितला तर नाही. सर्किटचा नकाशा मागितला तर 'कंपनी पॉलिसी'.

शेवटी एका बॅटरी कारागिराने माझ्यासमोर पेटी उघडली. आत सेलचे तेरा गट एकापुढे एक जोडलेले. मल्टिमीटरची लाल-काळी टोकं तो एकेका गटाला लावत गेला. अकरा गट तीन व्होल्टच्या वर होते, दोन शून्याला टेकलेले. जुन्यांत दोन नवे गट मिसळणं धोक्याचं, म्हणून त्याने तेराही गट बदलले. एकाच लॉटचे, क्षमता मोजून जुळवलेले सेल घेतले, निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडल्या आणि चार्जिंगला लावलं. मीटरवर पूर्ण चार्जचे 54.6 व्होल्ट दिसले. चावी फिरवली. गाडी ढिम्म.

कारण तुमचा बीएमएस. बॅटरीची राखण करणाऱ्या या सर्किटने जुन्या बिघाडाची नोंद करून स्वतःला कायमचं बंद करून घेतलं होतं, आणि ती नोंद पुसणारं सॉफ्टवेअर फक्त तुमच्याकडे. सेल नवे, मोटर ठणठणीत, ब्रेक आणि चाकं शाबूत. तरी गाडी उभी, कारण किल्ली तुमच्या खिशात.

तुम्ही सुरक्षिततेचं कारण पुढे कराल, म्हणून आधीच सांगते. 2022 मध्ये देशभर ई-स्कूटरींना आगी लागल्या, त्या आम्हीही पाहिल्या. जादा चार्ज, जादा उष्णता, शॉर्ट सर्किट यांपासून वाचवणारा बीएमएस मला हवाच आहे. पण तुम्ही दार असं बंद केलंत की अडलेला माणूस तो बीएमएसच उपटून टाकतो आणि सेल थेट जोडून गाडी पळवतो. ज्या आगीची तुम्ही भीती घालता, तिला सरपण तुम्हीच पुरवता. आमच्या कारागिराने तो मार्ग धरला नाही. योग्य क्षमतेचा दुसरा बीएमएस बसवला. तुमचा कंट्रोलर त्याला ओळखेना, तेव्हा कंट्रोलरही बदलला. चांगला चालता भाग भंगारात गेला, खर्च माझ्या माथी पडला. आज गाडी तुमच्या नाकावर टिच्चून चालते आहे. 48 व्होल्ट, 24 अँपिअर-अवरची बॅटरी रिकामी होऊन भरली तरी महावितरणच्या मीटरवर दीड युनिटही पडत नाही.

आता थोडा इतिहास. या देशात ई-दुचाकींची पहिली लाट तुमच्या आधीच येऊन गेली. 31 मार्च 2012 ला नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचं अनुदान थांबलं, विक्री कोसळली, कित्येक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. पण त्या गाड्यांत 12 व्होल्टच्या साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. कंपनी बुडाली तरी कोपऱ्यावरचा बॅटरीवाला जुनी घेऊन नवी बसवून देत होता. बजाजने जुनी चेतक बनवणं थांबवलं, तरी तिची क्लच केबल मिळायची थांबली नाही. तुमची लिथियम बॅटरी हलकी, जास्त टिकणारी, म्हणजे सरसच. अशी सरस वस्तू तुम्ही तुमच्या मर्जीला बांधून ठेवलीत. पूर्वी कंपनी मेली तरी गाडी जगायची. तुम्ही जिवंत असताना गाडी मारून दाखवलीत.

कायदा तुम्हाला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट 2022 पासून लागू आहेत, आणि ई-वाहनांच्या वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. माझे जुने सेल न्यायला कोण येणार, हे तुमच्या फोनवर कुणालाच सांगता आलं नाही. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. युरोपीय संघाने 2023 मध्ये केलेला बॅटरी कायदा तर आणखी स्पष्ट आहे. फेब्रुवारी 2027 पासून तिथे ई-बाईक आणि ई-स्कूटरची बॅटरी बाहेरच्या कारागिरालाही काढता-बदलता आली पाहिजे. मॉडेल बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं बॅटरी रास्त किमतीत मिळाली पाहिजे, आणि सॉफ्टवेअरने कुणाची अडवणूक करायची नाही. तिथल्या ग्राहकाला जे मिळणार आहे, ते मुलुंडच्या ग्राहकाला का नको?

माझ्या मागण्या चार आहेत. बंद मॉडेलांची बॅटरी, चार्जर आणि कंट्रोलर विकत द्या; ते जमत नसेल तर वायरिंगचा नकाशा आणि प्लगची मापं जाहीर करा. बीएमएसचं कुलूप काढणारं सॉफ्टवेअर प्रशिक्षित कारागिरांना द्या. जुने सेल परत घेण्याचं ठिकाण मुंबई आणि ठाण्यात सुरू करा. आणि पुढची गाडी विकताना सुटे भाग किती वर्षं मिळतील, ते बिलावरच छापा.

ज्यांच्या गाड्या उभ्या आहेत, त्यांनाही सांगते: भंगारात देऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती चुकवू नका. सोसायटीत एकाच कंपनीच्या दोन-तीन गाड्या असतील तर मिळून जा.

संचालकहो, गाडी मी चालू केली. कुलूप तुम्ही काढायचं आहे. या पत्राला तीस दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं, तर याच पत्राची प्रत आयोगासमोरच्या तक्रारीला जोडलेली दिसेल.

आपली ग्राहक,
मुलुंड (पश्चिम)