भेंड्या कॉफीत बुडवाव्यात

प्रत्येक सोसायटीत निवृत्तीनंतर स्वयंपाकाकडे वळलेले एक काका असतात. वळलेले म्हणजे तोंडाने. हात अजून पेपरातच असतात. आमच्या काकांनी तर पाककृतींच्या भाषांतराचं व्रत घेतलंय. इंग्रजी कृती दिसली की ती फोनला खायला घालायची, फोन जे ओकेल ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचं आणि वही ओट्यावर काकूंसमोर उघडी ठेवायची. जन्म बँकेत गेल्यामुळे लिखापढी चोख. समोर येईल त्या कागदावर न वाचता सही ठोकायची सवयही तिथलीच.

वहीचं पहिलं पान केकचं. ‘अंड्यांना जोरात मारा. मैद्याची हलकेच घडी घाला. मग केकला विश्रांती द्या.’

“एवढ्या मारहाणीनंतर हवीच हो,” काकू म्हणाल्या.

ओव्हन 350 अंशांवर तापवायचा होता. ते अमेरिकेतले फॅरनहाइट. आपले जेमतेम 177 सेल्सिअस. काकांचा ओव्हन 250 लाच थांबतो, म्हणून काकांनी त्यालाच कामचुकार ठरवलं. पुढे सॅलड आलं: ‘कपडे घालून नाणेफेक करा.’ नाणेफेक जिंकून काकडीने फलंदाजी घेतली की क्षेत्ररक्षण, हे वहीत नव्हतं.

पण मानाचं पान तिरामिसूचं. त्या इटालियन गोडात लेडीफिंगर नावाची बिस्किटं कॉफीत बुडवून रचतात. काकांच्या वहीत मात्र ‘चोवीस भेंड्या कॉफीत बुडवाव्यात’ असं ठसठशीत लिहिलेलं.

“अहो, कुठल्या भेंड्या? भाजीच्या की गाण्याच्या?”

“अगं, परदेशी पदार्थ आहे. तुला काय कळतंय?”

काका भेंड्या आणायला पिशवी घेऊन निघालेही होते. कॉफी संपली होती, एवढ्यावरच निभावलं.

दिवाळीच्या तोंडावर न्यूजर्सीच्या नातीने चकलीची कृती मागितली आणि काकांनी उलटी गंगा वाहवायला घेतली: काकूंच्या साऱ्याच कृती इंग्रजीत. ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकात कमलाबाई ओगले यांनी 1970 साली वाटी-चमच्याचं माप दिलं आणि नव्या सुनांचं भलं झालं. मापं परमुलखातही तगतात. हाल होतात ते क्रियापदांचे. काकूंच्या तोंडी ती दोन अक्षरांत आटोपतात: वाटा, लाटा, खवा. फोनने मिरच्या गोरगरिबांत वाटल्या, पोळ्यांना समुद्रावर नेलं आणि नारळाचा मावा केला. काकांनी वर सही केली आणि पाठवून दिलं.

रात्री नातीचा फोन आला. आवाज कापरा. “आजी, मोहनआजोबांना कडकडीत तापवून पिठात घालायचं?”

मोहन हा काकूंचा धाकटा भाऊ. राहायला डोंबिवलीत.

काकूंनी फोन डब्याला टेकवून उभा केला, परात पुढे ओढली. “हे बघ. मोहन म्हणजे तापवलेलं तेल. असं ओतायचं. चुर्र वाजलं? आता पिठाचा मुटका वळून बघ.” काका पहिल्यांदाच काही न लिहिता बघत उभे राहिले.

भाऊबीजेला मोहनमामा आले. चकली मोडत म्हणाले, “ताई, खुसखुशीत झालीय. यात मी किती आहे?”

“चार वाट्या भाजणीला पाव वाटी,” काकू म्हणाल्या. “तू जास्त झालास की चकली तेलात विरघळते.”

काकांनी वही उघडली आणि हे वाक्य भाषांतर न करता उतरवून घेतलं.