श्रीमती धूळबाईंस, मुक्काम पोस्ट लॅपटॉप

श्रीमती धूळबाई,
मुक्काम पोस्ट पडेगाव, छत्रपती संभाजीनगर.
सध्याचा पत्ता : माझा लॅपटॉप, पंख्यामागची खोली.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमचं क्षेमकुशल विचारत नाही. ते आमच्या घरात कपाटावर, कॅलेंडरवर, देव्हाऱ्यातल्या घंटेवर, जिकडे बोट फिरवावं तिकडे कळतंच. माझं मात्र बरं नाही.

एका रविवारी रात्री पावणेअकरा वाजता मला चार चेंडूंत नऊ धावा हव्या होत्या. समोर २००६ सालचा ‘क्रिकेट ०७’. आयपीएल जन्मायच्या आधीचा गेम, पण हौशी पोरं अजून त्यात नवनवे संघ बसवतात, म्हणून म्हातारा अजून मैदानात आहे. गोलंदाज धावत आला, पंचाला ओलांडून उडाला आणि हवेतच थांबला. इकडे लॅपटॉपचा पंखा आधी मिक्सरसारखा वाजू लागला, मग पिठाच्या गिरणीसारखा. चित्र पुन्हा हललं तेव्हा माझी मधली यष्टी यष्टिरक्षकाच्या भेटीला निघाली होती. पाठोपाठ पडदा काळा. त्या काळ्या काचेत माझा चेहरा, आणि चेहऱ्यावर तुमचा पातळ थर. ‘धूळ चारणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी शाळेत केला होता. प्रत्यक्षात उपयोग करून दाखवल्याबद्दल तुमचा आभारी आहे.

लॅपटॉप २०१३ सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार जीबी रॅम. वाळूजच्या नोकरीतल्या बचतीतून घेतलेला. बॅटरी कधीच गेली, चार्जर हलला की सगळं संपतं. डावी बिजागरी मोडलीय, म्हणून पडद्यामागे पाणी भरलेली बरणी ठेवतो. ‘ळ’ उमटवणारं बटण अडकतं. तुमचं नाव टाइप करायला घेतलं की ‘धू’ एवढंच उमटतं, आणि यंत्र मला सल्ला देतंय असं वाटत राहतं. पण धुवायचं कशाने? नळाला पाणी यायला आठवडा लागतो, आणि आलं की आई लॅपटॉपला त्यात क्रमांक देत नाही.

बाकीचे शत्रू तुमच्या मानाने सभ्य. विंडोज १० ने निदान तारीख आधी जाहीर केली, १४ ऑक्टोबर २०२५, आणि त्या दिवशी निरोप घेतला. तुम्ही कधी येता ते सांगत नाही, आणि जाण्याचा तर विषयच काढत नाही.

अर्थात तुमचं घराणं मोठं, मी कोण बोलणार! १३२७ साली मुहंमद तुघलकाने दिल्लीचा दरबार दौलताबादला हलवला. त्या लवाजम्याने उडवलेली धूळ अजून खाली बसायची आहे, असं आमच्या गल्लीत मानतात. पुढे १६१० साली मलिक अंबरने जिथे राजधानी वसवली त्या गावाचं, म्हणजे आमच्याच शहराचं, तेव्हाचं नाव खडकी. खडकाच्या गावात एवढं पीठ कुणी दळलं, हे इतिहासाच्या पुस्तकात नाही. आता वेरूळ-दौलताबादकडे जाणाऱ्या बस आणि ट्रक तुमची ने-आण करतात. २०२५ मध्ये रस्ता रुंद करायला जेसीबी पडेगाव-मिटमिट्याला आले, तेव्हा तर तुमच्या घरी लग्नच होतं. ज्यांची दुकानं त्यात गेली त्यांना मात्र हा विनोद नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

खरं सांगतो, एके काळी तुमचा फार दरारा होता. आमच्या शाळेत संगणकाची खोली होती. चपला बाहेर, पाय पायपुसण्यावर, मगच आत. संगणकांना प्लास्टिकची कव्हरं, देवाच्या मूर्तीला सोवळं असावं तशी. सर म्हणायचे, ‘धूळ आत गेली की मशीन मरतं.’ आम्ही श्वास रोखून बसायचो आणि सरांची पाठ वळली की ‘डेव्ह’ किंवा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ काढायचो. राजकुमार धावायचा तेव्हा खरा माणूस धावतोय असं वाटायचं. वाटायचं ते उगीच नाही : जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवली. १९८९ चा तो अख्खा गेम एका फ्लॉपीत मावायचा. फ्लॉपीची ऐपत किती, तर १.४४ एमबी. आज लग्नाच्या हॉलवर काढलेला एक फोटो त्याहून जड असतो.

त्या खोलीत चप्पल काढणारा मी, आणि आज तुम्हाला मशीनच्या पोटात भाड्याविना ठेवणाराही मीच.

त्या काळ्या पडद्याच्या दुसऱ्या दिवशी छावणी, बाबा पंप करत पैठण गेटजवळ गेलो. दुकानातल्या पोराने तळाचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं. ‘साहेब, आत गोधडी निघाली.’

आणि खरंच गोधडी! प्रोसेसरवरची उष्णता तांब्याची नळी उचलते आणि कडेच्या बारीक पातळ पात्यांपर्यंत नेते. पंखा त्या पात्यांमधून हवा ढकलतो, उष्णता बाहेर जाते. एवढा साधा व्यवहार. तुम्ही बरोबर त्या पात्यांच्या तोंडाशी बसलात, आईच्या स्वेटरची लोकर आणि माझे केस गोळा करून. हवा अडली. प्रोसेसर शंभर अंशांकडे गेला की आधी जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. तोच तो हवेत थांबलेला गोलंदाज. तरीही भागलं नाही तर डोळे मिटतो. पोराने पंख्याच्या पात्यात दातकोरणी अडकवली, कारण ब्लोअरच्या झोताने पंखा भलताच गरगरला तर त्याचं बेअरिंग जातं. मग झोत सोडला. तुम्ही ढगासारख्या उठलात आणि शेजारच्या दुकानात गेलात. प्रोसेसरवरची पेस्ट पानाच्या डबीतल्या वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती. ती खरवडून नवी लावली. पाचशे रुपये.

महिन्याभरात तुम्ही परत. बहुधा दौलताबादची बस मिळाली असेल.

तेव्हापासून आमची गनिमी लढाई चालू आहे. लॅपटॉप पापड भाजायच्या जाळीवर ठेवतो, म्हणजे खालून हवा लागते. पापडाच्या दिवशी खेळाला सुट्टी. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरऐवजी नव्व्याण्णव टक्के केली. त्या एका टक्क्याने तो उसळी मारणं सोडून देतो आणि बराच थंड राहतो. सरकारी फाइलवर एक सही कमी पडावी तसा हा एक टक्का आहे, सगळा आवेश जिरवतो.

एवढं करून उत्साहात मी ‘राजी’ लावला. पुण्यात तयार झालेला, नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. भावाला शोधत राक्षसांशी लढणारी आपली मुलगी, हवेल्या, देवळं. मराठी माणसाने पुण्याचं कौतुक करण्याचे प्रसंग कमी येतात, म्हणून हा चुकवायचा नव्हता. राजीने पहिली उडी घेतली आणि गोलंदाजाच्या शेजारी जाऊन थांबली. दोष तिचा नाही, पुण्याचा तर नाहीच (हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय).

तर अशा रीतीने, बाई, तुम्ही माझी अभिरुची घडवलीत. दीडशे जीबीचे गेम मी खेळत नाही, यामागे माझा वैराग्यभाव आहे असं मित्रांना सांगतो. खरं कारण तुम्ही. तुमच्या कृपेने ‘रोलरकोस्टर टायकून’शी पुन्हा गाठ पडली. १९९९ मध्ये ख्रिस सॉयरने तो जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत लिहिला, म्हणजे प्रोसेसरशी थेट त्याच्या मातृभाषेत बोलून. माझ्या पडद्यावर शेकडो माणसं पाळण्यात बसतात, ओकतात, भांडतात, आणि पंख्याला जागही येत नाही. तुमच्या कृपेनेच लुकास पोपचा ‘पेपर्स, प्लीज’ भेटला, २०१३ चा, म्हणजे लॅपटॉपच्याच वयाचा. त्यात आपण सीमेवरचे कारकून. पासपोर्ट तपासायचा, शिक्का मारायचा, संध्याकाळी घरच्यांच्या औषधाला पैसे पुरतात का बघायचं. वाळूजहून आठ तास कागद बघून आलेला माणूस घरी येऊन आणखी कागद बघतो आणि त्याला मजा येते, हे आईला अजून समजावता आलेलं नाही.

पण खरं नातं जुळलं ते ‘स्टार्ड्यू व्हॅली’शी. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून चित्रं, संगीत, लेखन, सगळं केलं आणि २०१६ मध्ये तो बाहेर आणला. शेतीचा गेम. मागणी काय, तर दोन जीबी रॅम आणि पाचशे एमबी जागा. आणि मुख्य म्हणजे त्यात तुम्ही नाही! दिवसभर कुदळ मारा, मातीचा एक कण अंगावर उडत नाही.

वैजापूर तालुक्यातले माझे काका मुक्कामाला आले होते. त्यांचा जन्म धूळपेरणीत गेला. पाऊस येईल या भरवशावर कोरड्या मातीत बी टाकायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं. त्यांनी खुर्ची ओढली.

‘पाणी कुठलं?’

‘तळ्यातलं. झारी बुडवायची.’

‘मोटार? लाइट?’

‘लागत नाही.’

‘पाऊस?’

‘उद्या पडणार का ते आदल्या दिवशी टीव्हीवर सांगतात. आणि पडतो.’

काका जरा सरकून बसले. हंगाम अठ्ठावीस दिवसांचा, हे मी सांगितलं. मग मी कोबी काढला आणि घराशेजारच्या पेटीत टाकला.

‘हे काय?’

‘रात्रीतून माल जातो. सकाळी पैसे जमा.’

‘अडत किती कापतो?’

‘अडत नाही.’

‘हमाली? तोलाई?’

‘नाही.’

‘भाव पडला तर?’

‘पडत नाही, काका.’

बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मग याला शेती कशापायी म्हनत्यात रे?’

या प्रश्नाला एरिक बॅरोनकडे उत्तर असेल असं वाटत नाही. पण तासाभराने काकांनी माउस मागितला. ‘एवढा एक वाफा मी करतो.’ चष्मा पुसला, म्हणजे तुम्हाला पुसलं. बी टाकायला एकेक चौकोन मोजू लागले. पंधरा चौकोन झाले असतील, आणि गिरणी सुरू झाली. त्या गेमला एवढी धाप लागायचं काही कारण नव्हतं. खोलीत मे महिना होता, आईने पापडासाठी जाळी उचलून नेली होती आणि पात्यांच्या तोंडाशी तुम्ही होतात. पडदा काळा झाला. त्या गेममध्ये दिवस संपून झोपल्याशिवाय काहीही जतन होत नाही. काकांचा वाफा गेला.

ते रागावले नाहीत. काळ्या पडद्यावर बोट फिरवलं, बोट बघितलं आणि म्हणाले, ‘घ्या, इथंबी हीच.’

बाई, मला हरवलंत त्याचं काही नाही. नऊ धावा मी पुन्हा काढीन. पण जो माणूस साठ वर्षं तुमच्यात पेरतोय, त्याला एका संध्याकाळी तुमच्याविना पेरायला मिळत होतं. तेवढा वेळ तुम्ही शेजारी गेला असतात तर काय बिघडलं असतं? शेजाऱ्यांकडे नवा लॅपटॉप आहे, मोठा पंखा आहे, जागा ऐसपैस आहे.

काकांचा परवा फोन आला होता. तूर, कपाशी, बहिणीची तब्येत, सगळं झाल्यावर आवाज जरा खाली आणून विचारलं, ‘त्या आपल्या वाफ्याचं काय केलं?’ गुरुवारी मला सुट्टी आहे. लॅपटॉप उघडायला पुन्हा पैठण गेटला नेतोय. तुम्ही सामान बांधून तयार राहा.

आपला,
पुसून दमलेला.

ता. क. : हे पत्र आधी लॅपटॉपच्या झाकणावर बोटाने लिहायला घेतलं होतं. पूर्वीची मुलं धूळपाटीवर गिरवायची तसं. तुमचा साठा सगळ्या मजकुराला पुरला असता, पण मायना संपेपर्यंत आईने फडकं मारलं.