एका ‘एस’चं स्वयंघोषणापत्र

कोड सगळेच लिहितात. टेस्ट लिहिणाऱ्याला मात्र ऑफिसात वेगळीच नैतिक उंची लाभते. चहा घेताना नुसतं ‘तुझ्या कोडला टेस्ट आहेत ना?’ असं विचारलं की समोरच्याचं बिस्किट कपात पडतं. मला हे विचारायला फार आवडायचं. त्यामुळे एका पतसंस्थेच्या वेबसाइटचं काम आलं आणि लॉगिनचं पान फक्त एचटीटीपीएसवरच उघडायला हवं अशी अट निघाली, तेव्हा मी न मागता हात वर केला.

सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये हे एका ओळीचं काम. राउटच्या व्याख्येत ‘स्कीम्स’पुढे एचटीटीपीएस लिहायचं. साध्या एचटीटीपीवरून कुणी आलंच तर सिम्फनी त्याला 301 देऊन सुरक्षित पत्त्यावर धाडते. ती ओळ लिहून झाली. ब्राउझरमध्ये काम चोख. आता कंट्रोलरची टेस्ट तेवढी उरली, म्हणजे माझ्या हातचा मळ.

टेस्टमध्ये मी लॉगिनचं पान मागितलं, 200 ची अपेक्षा ठेवली. आलं 301.

माझं निदान तयार होतं: सर्टिफिकेट. दुसरं काय असणार? ओपनएसएसएल काढलं, स्वतःच्याच सहीचं सर्टिफिकेट बनवलं, अपाचेला जोडलं, रीस्टार्ट केलं. 301. मग 443 पोर्ट, मग फायरवॉल, मग होस्ट्स फाइल. 301, 301, 301. टीममधली नवी मुलगी मागे उभी राहून बराच वेळ हे पाहत होती. शेवटी अदबीनं म्हणाली, “सर, एकदा अपाचे बंद करून टेस्ट चालवून बघता का?”

मी हसलो. सर्व्हर बंद केल्यावर टेस्ट कशी चालेल, हे तिला प्रेमानं समजावून सांगितलं आणि सिद्ध करून दाखवण्यासाठी अपाचे बंद केलं. टेस्ट चालली. 301 आलं, आणि तेही नेहमीच्याच तत्परतेनं.

झालं असं की, सिम्फनीचा टेस्ट क्लायंट कुठं जातच नाही. तो विनंतीचं एक ऑब्जेक्ट बनवतो आणि त्याच पीएचपी प्रोसेसमध्ये बसलेल्या कर्नलच्या हातात देतो. ना पोर्ट, ना केबल, ना सर्टिफिकेट. तिथं एचटीटीपीएस म्हणजे सर्व्हर-अ‍ॅरेमधली एक नोंद, ‘मी सुरक्षित मार्गानं आलो आहे’ असं तहसील कचेरीत देतात तसलं स्वयंघोषणापत्र. क्लायंट तयार करताना ‘एचटीटीपीएस’पुढे ‘ट्रू’ लिहून दिलं की काम झालं, कुणी उलटतपासणी करत नाही. मी तिकडे फायरवॉलशी कुस्ती खेळत होतो.

इथं थांबलो असतो तर अब्रू वाचली असती. पण मला उलट बाजूचीही टेस्ट हवी होती: असुरक्षित मार्गानं आलेल्याला 301 मिळतं ना? आता काही न लिहिता सोडलं तरी चाललं असतं. पण आयआयएस सर्व्हरवर पूर्वी आयएसएपीआय पद्धतीनं पीएचपी चालवायचे तेव्हा साध्या विनंतीसाठी या नोंदीत ‘ऑफ’ असा शब्द यायचा, ही माहिती मी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती आणि ती कुठंतरी वापरायचीच होती. मी ‘ऑफ’ लिहिलं. पीएचपीच्या दृष्टीनं ‘ऑफ’ ही भरलेली स्ट्रिंग, आणि भरलेली स्ट्रिंग म्हणजे होय. सिम्फनीचं रिक्वेस्ट ऑब्जेक्ट ‘ऑफ’ला बरोबर ओळखतं, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच टेस्ट क्लायंटनं माझा नकार होकार म्हणून नोंदवला होता.

मग मी वैतागून ‘ऑफ’चा नाद सोडला आणि रीडायरेक्टच्या मागे आपोआप जाण्याची सोय चालू केली. सगळं हिरवं! हिरवं दिसलं की मी प्रश्न विचारत नाही. पुढे फॉर्म सबमिट करण्याची टेस्ट वेगळी काढली, तर तिनं थेट 404 दिलं. राउट नाहीच म्हणे! राउटांच्या यादीत तो ठळक दिसत होता. मी स्पेलिंग तपासलं, मग चष्मा तपासला. खरी गोष्ट अशी की, स्कीम चुकली तर सिम्फनी फक्त गेट आणि हेड विनंत्यांना वाट दाखवते. पोस्टला 301 दिलं तर ब्राउझर सहसा त्याची गेट करून टाकतो आणि फॉर्ममधला मजकूर वाटेत गळतो. म्हणून पोस्टला सरळ ‘असं काही नाही’ हे उत्तर. आधी ही टेस्ट का पास होत होती? कारण क्लायंट ब्राउझरसारखा शेवटचा पत्ता लक्षात ठेवतो. पहिल्या गेटनं त्याला एचटीटीपीएसवर नेलं होतं, पोस्ट त्याच्याच मागून आत शिरत होती.

सगळ्या टेस्ट हिरव्या करून साइट चढवली. लगेच पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांचा फोन. “साहेब, पान सुरक्षित होईल म्हणाला होतात. इतकं होईल असं नव्हतं म्हणालात. आम्हालाच उघडत नाहीये.”

तिथं पुढे लोड बॅलन्सर होता. एचटीटीपीएस त्याच्यापाशीच उलगडायचं आणि आमच्या अ‍ॅप्लिकेशनला साधं एचटीटीपी मिळायचं. अ‍ॅप्लिकेशन म्हणायचं सुरक्षित होऊन ये, ब्राउझर बिचारा सुरक्षितच होता, पुन्हा यायचा, पुन्हा 301. शेवटी ब्राउझरनंच हात टेकले. बॅलन्सर ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ या हेडरमधून खरं काय ते सांगत होता, पण त्याच्यावर विश्वास ठेवावा असं मी सिम्फनीला कधी सांगितलंच नव्हतं. ट्रस्टेड प्रॉक्सींमध्ये त्याचा आयपी घातला आणि पान उघडलं.

या वेळी त्या मुलीनं टेस्ट लिहिली, मी शेजारी बसून टाइपिंगच्या चुका काढल्या. भलत्याच आयपीवरून तोच हेडर पाठवला तर काय होतं, हे तिनं पाहिलं. 301 आलं आणि मी टाळी वाजवली. मॅनेजरसाहेबांना मोठ्या उत्साहानं फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “छान. पण आमचे निम्मे सभासद अजून पासबुकच भरून घ्यायला येतात. त्यांच्यासाठी प्रिंटरचं काही बघता का?”