एदेनचा सातबारा

बायबलमधील पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, तिसऱ्या अध्यायात एदेन बागेतून आदाम आणि हव्वा यांची हकालपट्टी वर्णिलेली आहे. तो अध्याय मानवाच्या पतनाची कथा म्हणून वाचला जात असला, तरी ख्रिस्ती जगताच्या सामाजिक इतिहासात त्याचा वापर शेजाऱ्याचा बांध कोरण्यासाठी काढलेल्या सातबाऱ्यासारखाच अधिक झाला आहे. आदामाच्या काळी उमराव नव्हते, असे सांगत 1381 साली जॉन बॉल या धर्मोपदेशकाने इंग्लंडमधील शेतकऱ्यांच्या बंडाला आधार दिला. सर रॉबर्ट फिल्मर यांच्या 1680 साली, मरणोत्तर छापलेल्या ग्रंथाने त्याच आदामाला आद्य राजा ठरवून राजसत्तेला वडिलोपार्जित मिळकतीचा दर्जा दिला. त्यावर जॉन लॉक यांनी आदामाचा आजचा थोरला वारस नेमका कोण, अशी पृच्छा केली आणि वारसनोंद काही सापडली नाही.

खरी विद्वत्ता पणाला लागली ती शिक्षेच्या कलमांवर. हव्वेने वेदना सोसून प्रसवावे व पतीच्या सत्तेखाली राहावे, आणि आदामाने काट्याकुसळ्यांशी झुंजत, घाम गाळून भाकर मिळवावी, असा तो निवाडा होता. नांगराला जुंपलेल्या घोड्यांनी आणि पुढे वाफेच्या यंत्रांनी आदामाचा घाम वाचवला, तेव्हा ईश्वरी निवाड्याचा अवमान झाल्याची ओरड फारशी ऐकू आली नाही. मात्र 1847 साली एडिंबरा येथे डॉ. जेम्स यंग सिम्पसन यांनी प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म, म्हणजे हुंगवून शुद्ध हरपवणारे औषध, वापरताच हव्वेच्या शिक्षेत परस्पर सूट देण्याचा अधिकार डॉक्टरांना कोणी दिला, हा प्रश्न उभा राहिला. आक्षेपकांची संख्या दंतकथेइतकी मोठी नव्हती, असे इतिहासकार आता म्हणतात. परंतु सिम्पसन यांनी त्याच वर्षी धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका छापली आणि आदामाची फासळी काढण्यापूर्वी ईश्वराने त्याला गाढ झोप आणली होती, हे निदर्शनास आणले. भूल मिळालेला पहिला रुग्ण पुरुष होता, एवढे तरी त्यावरून सिद्ध झाले. 1853 साली डॉ. जॉन स्नो यांच्या हातून व्हिक्टोरिया राणीने क्लोरोफॉर्म घेतले आणि ती स्वतःच इंग्लंडच्या चर्चची प्रमुख असल्यामुळे वेदनेचे कलम अपिलाविनाच शिथिल झाले.

सत्तेचे कलम अधिक चिवट निघाले. अमेरिकेत एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी 1895 साली ‘द वुमन्स बायबल’चा पहिला भाग काढून हव्वेच्या ज्ञानलालसेची बाजू मांडली, तेव्हा पुढच्याच वर्षी मताधिकारवादी स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने, जिच्या पहिल्या अध्यक्ष स्टँटन याच होत्या, त्या ग्रंथाशी आपला संबंध नसल्याचा ठराव केला. 1984 साली सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने स्त्रियांना पाळक पदाची दीक्षा देण्याविरुद्ध ठराव संमत केला. पुरुष निर्मितीत पहिला आणि स्त्री एदेनमधील पतनात पहिली, हे कारण त्यात नमूद आहे. घामाच्या कलमाबाबत त्या ठरावात अवाक्षर नाही.