लोखंडी बॅरिकेडास अनावृत पत्र

प्रति,
मा. बॅरिकेडसाहेब,
रात्रीचा नाका, अंबरनाथ एमआयडीसी.

विषय : दुसऱ्या पाळीहून घरी जाणाऱ्या इसमांना माणसांत गणण्याबाबत.

संदर्भ : आपल्या आडून वेळोवेळी सुटलेला तोंडी आदेश, "ए, साइडला घे."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून प्रथम आपलं अभिनंदन. पावसाळ्यात चिखलात, उन्हाळ्यात तापून आणि बारा महिने कारखान्यांच्या उग्र वासात आपण ज्या निष्ठेने उभे असता, तसं उभं राहणं आमच्या सुपरवायझरलाही जमत नाही. आपल्यामागे काठी घेऊन थांबणारी माणसं बदलतात, बदलीवर जातात, आपण जागेवरच. म्हणून पत्र आपल्याच नावे. त्या माणसांना लिहिलं असतं तर "जास्त शहाणा झालास का? कायदा शिकवतो?" असं उत्तर आलं असतं. आपण लोखंडाचे. आपल्याला राग येत नाही, आणि आपल्या अंगावर ज्या बिल्डरने सौजन्याची जाहिरात रंगवून घेतली आहे त्याला आमच्याशी काही देणंघेणं नाही.

साहेब, आपली पारख मात्र जबरदस्त. अकरा-साडेअकराला पाळी सुटते. आनंदनगर, पालेगाव, नेवाळीच्या बाजूने ठेका कामगारांच्या मोटारसायकली निघतात. कोणी उल्हासनगरला, कोणी बदलापूरला. एवढ्या गर्दीतून आपण नेमका संशयित हेरता. डबलसीट बसलेला, पाठीला सॅक लावलेला, पायात कंपनीचे झिजलेले सेफ्टी शूज असलेला. काळ्या काचांची मोठी गाडी आली की आपण स्वतःहून बाजूला सरकता. टँकर आला तर तेवढीही तसदी घेत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर असाच कुणी टँकरवाला वालधुनी नदीत रसायन ओतून गेला आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेता येईना म्हणून दवाखाने गाठावे लागले. त्या टँकरला "डबा उघड" असं वाटेत कुणी म्हटलं नव्हतं. आमचा डबा मात्र उघडला जातो. त्यात उरलेली अर्धी भाकरी सापडते.

आपण म्हणाल, कायदा आहे. आहे ना. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम १२२ आहे, सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यांसाठी. गुन्ह्याच्या इराद्याने तोंड झाकलेला, वाजवी कारणाशिवाय घरफोडीची हत्यारं बाळगणारा, चोर म्हणून ठाऊक असून रस्त्यात रेंगाळणारा आणि का थांबलो ते धड सांगू न शकणारा, अशांची त्यात यादी आहे. आता एमआयडीसीत वासामुळे प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल असतो आणि फिटरच्या सॅकमध्ये पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर असतात. तेव्हा पाळी सुटल्यावर सगळी एमआयडीसीच कलम १२२ मध्ये बसते, असा आपला समज झाला असल्यास नवल नाही. फक्त कलम लिहिणाऱ्यांनी त्यात 'इरादा' आणि 'वाजवी कारण' या दोन अटी घातल्या होत्या. नाक्यावरच्या वाचनात नेमक्या त्याच दोन ओळी गळतात.

या अधिनियमाची लवचीकता महाराष्ट्राने आधीही पाहिली आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांतून पोलिसांनी जोडपी बाहेर काढली. बंद खोलीत बसलेल्यांना कलम ११० लावलं, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचं, आणि बाराशे रुपयांची पावती फाडली. सज्ञान माणसं, स्वतःच्या पैशाने घेतलेली खोली. ती सार्वजनिक जागा कधी झाली, ते त्या खोलीलाही कळलं नसेल.

अर्थात आपल्याला कसलेच अधिकार नाहीत, असं मी म्हणत नाही. इशारा झाला की गाडी थांबवायची, हे आमचं काम. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर परवाना दाखवायचा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३० तेच सांगतं. दारूचा संशय असेल तर यंत्रात फुंकायचं. खोटं नाव सांगायचं नाही, पळायचं नाही, अंगावर जायचं नाही. एवढं आम्ही करतो. त्या बदल्यात मोबाइलमधल्या डिजीलॉकरचा परवाना "असला चालत नाही" असं ऐकतो; खरं तर २०१८ पासून केंद्राच्या नियमांत तो चालतो. आणि गाडीची किल्ली उपटून घ्यायचा अधिकार त्या कायद्यात शोधू गेलं तर सापडत नाही. तो बहुधा आपल्या खालच्या चिखलात पुरून ठेवला असावा.

आता झडतीकडे वळू. "खिसे रिकामे कर" आणि "फोनचा लॉक खोल" या दोन वाक्यांत आपली सगळी प्रक्रिया संहिता मावते. बाहेरच्या जगात मात्र १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं कलम १०५ सांगतं की झडती आणि जप्तीचं चित्रीकरण झालं पाहिजे. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ५० आहे. त्या संशयावरून अंगझडती घ्यायची तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क त्या माणसाला आहे. फोनमध्ये आमचा सगळा संसार असतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमुखाने सांगितलं. नाक्यावर रांग लावून प्रत्येकाचं व्हॉट्सॲप चाळा, असं कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.

आपल्याला हा शब्दांचा कीस वाटेल. पण २०२४ च्या ऑगस्टअखेरची मुंबईतल्या कलिन्याची गोष्ट आठवा. खार पोलीस ठाण्याचे एक उपनिरीक्षक आणि तीन शिपाई एका माणसाची झडती घेत होते. खिशातून काही निघण्याऐवजी त्यांच्यातलाच एक जण त्या माणसाच्या खिशात काहीतरी सरकवताना सीसीटीव्हीत दिसला. चौघे निलंबित झाले, माणूस सुटला. वर कॅमेरा नसता तर? तर तो आज अमली पदार्थांचा आरोपी असता आणि आपण सगळ्यांनी "काहीतरी केलंच असेल" म्हणून पान उलटलं असतं.

म्हणूनच आम्ही मोबाइल वर धरला की "व्हिडिओ बंद कर" हा हुकूम एवढ्या घाईने येतो. त्यावरही निकाल आहे. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात एका माणसाने चित्रीकरण केलं म्हणून त्याच्यावर थेट शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, जणू तो शत्रूला तोफांचा नकाशा पाठवत होता. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही, असं सांगून. ठाण्यात जे गुपित नाही, ते भर रस्त्यावरच्या बॅरिकेडपाशी कुठून आलं?

साहेब, आपल्या शास्त्रातला सर्वांत सूक्ष्म प्रकार म्हणजे बसवून ठेवणं. अटक नाही, सुटकाही नाही. नोंद नाही, कागद नाही. बाकड्यावर माणूस, घरी जेवणाचं ताट झाकलेलं, सकाळी हजेरी बुडालेली. विचारलं तर "तुला कुठं अटक केलीय? बस जरा." नव्या संहितेच्या कलम १७२ ने पोलिसांची कायदेशीर सूचना धुडकावणाऱ्याला ताब्यात घेण्याची मुभा दिली आहे, हे मान्य. पण तिथेही एकतर दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचं, नाहीतर किरकोळ प्रकरण असेल तर लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत सोडायचं. साहेबांचा चहा होईपर्यंत, अशी मुदत त्यात नाही.

आणि अटकच असेल तर कागद लागतो. कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्याच्या छातीवर त्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. (आपल्या अंगावर नाव आहे, पण बिल्डरचं. मागच्या माणसाचं नाव चमकत्या जाकिटाखाली असतं.) पंचनाम्यासारखा अटकेचा कागद करायचा, त्यावर घरच्याची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची, घरी कळवायचं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, हे तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं : अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिलीच पाहिजेत. ते प्रकरणही आपल्या महाराष्ट्राचंच, वरळीतल्या आलिशान गाडीच्या धडकेचं. गाडी श्रीमंताची असली तरी निकाल सर्वांचा आहे. आमच्या हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलीलाही तो लागू.

चौकशीला बोलवायचं तर नोटीस लागते, आणि कलम ३५ ची ती नोटीस व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत बजावलं आहे. साक्षीदार म्हणून बाईला, पंधराखालच्या मुलाला किंवा साठीपुढच्या माणसाला ठाण्यात बोलवायचंच नाही, त्यांच्या घरी जायचं. विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यावीत. पण जे उत्तर स्वतःलाच गुन्ह्यात अडकवेल ते देण्याची सक्ती नाही. हे १९७८ मध्ये नंदिनी सत्पथींच्या प्रकरणात ठरलं. त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री होत्या. गप्प बसण्याचा हक्क मिळवायला माजी मुख्यमंत्र्यांनाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तर रोजंदारीवरच्या हेल्परने नाक्यावर गप्प राहावं तरी किती वेळ?

इथे थट्टा थांबवून एक गोष्ट सांगतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना फिर्याद नोंदवून घ्यायला तासन् तास ताटकळावं लागलं. लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, त्या प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाच्या त्या मृत्यूबद्दल दंडाधिकारी चौकशीने पाच पोलिसांवर ठपका ठेवला. तो मेला त्या दिवशी आमच्यातल्या अनेकांनी आनंद केला. गुन्हा इतका घाण होता की त्यांचा संताप मला समजतो. पण फिर्याद वेळेवर न घेणं आणि खटला उभा राहण्याआधी आरोपी मरणं, या दोन्ही गोष्टींत त्या मुलींना कोर्टातला न्याय मिळाला नाही. ज्या कायद्याने त्या आरोपीला कोर्टापर्यंत जिवंत न्यायचं होतं, तोच कायदा रात्री साडेअकराला माझ्या सॅकच्या आणि आपल्या काठीच्या मध्ये उभा असतो. नकोशा माणसासाठी तो मोडू दिला, तर आमच्या वेळी तो शाबूत सापडत नाही.

आपल्यामागच्या हवालदाराशी माझं वैर नाही. त्याची ड्यूटी आमच्या पाळीहून लांब असते, ओव्हरटाइमचं नाव नाही. आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये सुरू झाला, तोही एका शिपायाच्याच डोक्यातून. झोप झालेला पोलीस "नाव काय दादा?" असं विचारू शकतो. न झालेला "ए" म्हणतो.

पत्र लिहून काय होतं, असं आपण मनात म्हणाल. १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. न्यायालयाने तेच याचिका मानलं आणि १९९६ मध्ये अटकेसंबंधी अकरा सूचना दिल्या. वर सांगितलं की त्या प्रत्येक पोलीस ठाण्यात दिसतील अशा लावा. एका पत्राला दहा वर्षं लागली, तीही न्यायमूर्तींना लिहिलेल्या. माझं पत्र बॅरिकेडला आहे, म्हणून मागण्या अगदी माफक ठेवल्या आहेत. बिल्डरच्या जाहिरातीशेजारी वीतभर जागेत त्या अकरा सूचना रंगवा. जाकिटावर नावाची पट्टी लावा. आणि "कशासाठी थांबवलं, साहेब?" या प्रश्नाला उद्धटपणा समजू नका; तो प्रश्न विचारायची मुभा राज्यघटनेने दिली आहे.

कळावे, लोभ नसला तरी चालेल, नोंद असावी.

आपला,
दुसऱ्या पाळीतला एक इसम

ता.क. : हे पाळीतल्या सोबत्यांसाठी. आवाज चढवू नका, हात लावू नका, परवाना दाखवा, पोलिसाचं नाव आणि कारण विचारा, ताबडतोब घरी फोन करा. अन्याय झाला तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला, त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. नंबर १५१००. आजच फोनमध्ये साठवून ठेवा.